टर्मिनलमध्ये पेस्ट केलं की कोड मोडतो, फाईलमधून तोच नीट चालतो: इंडेंटेशनचं नेमकं काय होतं?

राजारामपुरी_7वी_गल्ली (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पंचगंगेच्या पातळीवर एक छोटं फंक्शन मुलांना थेट पायथन शेलमध्ये (ओळ टाकली की लगेच चालवणाऱ्या खिडकीत) दाखवायचं आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी, एवढाच हिशोब. फोनवर वाचायला सोपं जावं म्हणून खाली कीवर्डही देवनागरीत लिहिलेत. मशीनवर ते नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाकायचे. एक ठिपका म्हणजे एक स्पेस.

डेफ टप्पा(फूट, इंच):
····पातळी = फूट + इंच / 12

····इफ पातळी >= 43:
········रिटर्न "धोका"
····इफ पातळी >= 39:
········रिटर्न "इशारा"
····रिटर्न "ठीक"
प्रिंट(टप्पा(42, 11))

फाईल करून चालवलं की "इशारा" हे बरोबर उत्तर येतं. तोच मजकूर >>> च्या पुढे पेस्ट केला की "इंडेंटेशनएरर: अनएक्स्पेक्टेड इंडेंट" ओळीमागून ओळ येत राहतं, आणि शेवटी "नन" (म्हणजे काहीच उत्तर नाही) छापलं जातं. मशीन उबुंटू 24.04, पायथन 3.12. काही मशीन विंडोजची आहेत, तिथे आयडल (पायथनसोबत येणारा एडिटर आणि शेल) आहे आणि तिथे वेगळाच एरर येतो. सर्व्हरवर विम या एडिटरमध्ये पेस्ट केलं तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा उजवीकडे सरकत जाते. स्पेस मोजून बघितल्या, बरोबर आहेत. मग चुकतंय कुठं?

पंचगंगा_घाट

सर, स्पेस बरोबरच आहेत. घोळ दुसऱ्या ओळीनंतरच्या मोकळ्या ओळीत आहे.

फाईल वाचताना पायथन मोकळ्या ओळींकडे बघतसुद्धा नाही. ब्लॉक कुठे संपला हे त्याला पुढच्या ओळीच्या इंडेंटवरून (सुरुवातीला सोडलेल्या जागेवरून) कळतं. शेलमध्ये पुढची ओळ अजून आलेलीच नसते, त्यामुळे "माझं लिहून झालं" हे सांगायची खूण म्हणजे मोकळी ओळ. 3.12 पर्यंतच्या साध्या शेलचा हा नियम आहे. तुमच्या कोडवर तो लावून बघा.

पहिली ओळ गेली, प्रॉम्प्ट >>> चा ... झाला. दुसरी ओळ गेली. मग मोकळी ओळ आली आणि शेलने फंक्शन तिथेच बंद केलं. म्हणजे आता टप्पा नावाचं एक फंक्शन तयार आहे, त्यात फक्त भागाकाराची एक ओळ आहे आणि रिटर्न काहीच नाही. त्यानंतर आलेली "····इफ पातळी >= 43:" ही ओळ शेलच्या दृष्टीने नवीन विधान आहे, आणि नवीन विधान चार स्पेस सोडून सुरू होऊ शकत नाही. म्हणून अनएक्स्पेक्टेड इंडेंट. पुढच्या प्रत्येक आत सरकलेल्या ओळीला तीच तक्रार. शेवटची प्रिंटची ओळ डावीकडे चिकटलेली असल्यामुळे ती चालते, अर्धवट फंक्शनला हाक मारते आणि "नन" छापते. मुलांना हे मुद्दाम दाखवा. एररच्या गर्दीत ते अर्धवट फंक्शन मागे राहून जातं, आणि नंतर कोणी टप्पा(44, 0) विचारलं तरी शेल निमूटपणे काहीच उत्तर देत नाही.

आता मोकळी ओळ काढून टाकली तरी काम अर्धंच होतं. "रिटर्न "ठीक"" च्या लगेच खाली प्रिंट आलंय, त्यामुळे शेल अजून फंक्शनच्या आतच आहे. त्याला ... च्या पुढे एकदम डावीकडची ओळ मिळाली की "सिंटॅक्सएरर: इनव्हॅलिड सिंटॅक्स" येतं, आणि या वेळी अख्खं फंक्शन टाकून दिलं जातं. साधा शेल एका वेळी एकच विधान घेतो. म्हणून फंक्शनच्या आत एकही मोकळी ओळ नको, आणि फंक्शन संपल्यावर एक मोकळी ओळ हवीच.

आत मोकळी जागा सोडायचीच असेल तर त्या ओळीवर नुसतं # टाका. कॉमेंट असलेली ओळ ब्लॉक बंद करत नाही. नुसत्या स्पेस असलेली ओळही बंद करत नाही, कारण शेलला पूर्ण कोरी ओळ लागते. म्हणूनच एकाच नोट्समधला कोड एकाच्या मशीनवर पेस्ट होतो आणि शेजारच्याच्या मशीनवर मोडतो: एकाच्या एडिटरने त्या "मोकळ्या" ओळीत चार स्पेस ठेवलेल्या असतात, दुसऱ्याच्या एडिटरने सेव्ह करताना ओळीशेवटच्या स्पेस उडवलेल्या असतात. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं.

आयडलमध्ये येणारा एरर बहुतेक "मल्टिपल स्टेटमेंट्स फाउंड व्हाइल कंपायलिंग अ सिंगल स्टेटमेंट" हा असणार. फंक्शन आणि प्रिंट एकत्र पेस्ट झालं म्हणून तो येतो. तिथे शेलशी झगडू नका. कंट्रोल+एन ने नवीन खिडकी, तिथे पेस्ट, सेव्ह, एफ5. कोड चालल्यावर फंक्शन शेलमध्ये तयार असतं, मग हवं तेवढं खेळा.

शिरोली_बोर्डवाला

वरचं सगळं बरोबर. व्हर्जनचा मुद्दा मात्र यात धरायला हवा. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या पायथन 3.13 पासून शेलच नवीन आहे. तो पायपाय या पायथनच्याच दुसऱ्या अवताराच्या शेलवरून घेतलाय. त्यात पूर्ण फंक्शन एकत्र एडिट होतं, वरचा बाण दाबला की एक ओळ न येता अख्खा ब्लॉक परत येतो, आणि मोकळ्या ओळींसकट पेस्ट चालतं. टर्मिनल जुनाट असेल आणि पेस्ट तरीही तुटत असेल तर एफ3 दाबा, पेस्ट करा, परत एफ3.

पण उबुंटू 22.04 मध्ये 3.10 येतं आणि 24.04 मध्ये 3.12. म्हणजे कोल्हापुरातल्या बहुतेक लॅबमध्ये अजून जुनाच शेल समोर येणार. त्यासाठी आयपायथन (जास्त सोयींचा पायथन शेल) टाका. उबुंटू 24.04 वर थेट पिपने (पायथनच्या पॅकेज इन्स्टॉलरने) टाकायला गेलात तर "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायरन्मेंट" म्हणून नकार मिळेल, तेव्हा एपीटीने (उबुंटूच्या इन्स्टॉलरने) आयपायथन3 हे पॅकेज घ्या किंवा व्हेन्व्ह (पायथनचं वेगळं फोल्डर) करून त्यात पिप वापरा. आयपायथनमध्ये पेस्ट केलेला अख्खा तुकडा एका खणात बसतो. एसएसएचवरून गडबड होत असेल तर %सीपेस्ट लिहा, एंटर, पेस्ट, आणि शेवटी एका ओळीवर नुसत्या दोन रेघा -- द्या. याचा एक मोठा फायदा: वेबवरून उचललेल्या उदाहरणात >>> आणि ... चिकटून आले असतील तर %सीपेस्ट ते स्वतः काढून टाकतं. %पेस्ट हा भाऊ थेट क्लिपबोर्डमधून वाचतो, पण तो क्लिपबोर्ड आयपायथन चालतंय त्या मशीनचा. लॅपटॉपवर कॉपी आणि सर्व्हरवर %पेस्ट, हे जुळत नाही.

काहीच टाकायची परवानगी नसेल तर बॅशमध्ये (लिनक्सच्या कमांड शेलमध्ये) हिअर-डॉक्युमेंट, म्हणजे कमांडसोबतच दिलेला मजकूर, वापरा:

पायथन3 - <<'ईओएफ'
(इथे अख्खा कोड, मोकळ्या ओळींसकट)
ईओएफ

इथे कोड कीबोर्डवरून टाइप होत नसल्यामुळे पायथन तो फाईलसारखा वाचतो आणि मोकळ्या ओळी आड येत नाहीत. पहिल्या ईओएफभोवतीचे अवतरणचिन्ह विसरू नका, नाहीतर कोडमधलं डॉलरचं चिन्ह बॅश आधी स्वतःच सोडवतं. शेवटचा ईओएफ एकदम डाव्या कडेला हवा. आणि कोडमध्ये इनपुट() असेल तर हा मार्ग नको, कारण इनपुटची वाटच कोडने अडवलेली असते.

आमच्याकडे फाउंड्रीत भट्टीचं तापमान वाचायला ईएसपी32 या छोट्या बोर्डवर मायक्रोपायथन (अशा बोर्डांसाठीचं छोटं पायथन) वापरतात, तिथे हाच त्रास उलट्या बाजूने येतो. मायक्रोपायथनचा शेल स्वतः इंडेंट देतो: कोलननंतर चार स्पेस जास्त, एरवी आधीच्या ओळीइतक्या. तुमच्या पेस्टमधल्या स्पेस त्यावर भर घालतात आणि जिना तयार होतो. तिथे कंट्रोल+ई दाबा, प्रॉम्प्ट === होतो, स्वयंचलित इंडेंट बंद पडतं. पेस्ट करा, कंट्रोल+डी ने चालवा. चुकलं तर कंट्रोल+सी ने सोडून द्या. शंभर-दोनशे ओळी सिरियलवरून एकदम ढकलल्या तर मधलीच अक्षरं गळू शकतात. एवढा मोठा कोड असेल तर पेस्ट नकोच, एमपीरिमोटच्या (बोर्डशी बोलणाऱ्या कमांडच्या) "रन" ने फाईल चालवा किंवा "सीपी" ने बोर्डवर कॉपी करा.

राजारामपुरी_7वी_गल्ली

मोकळी ओळ काढून, शेवटी एक मोकळी ओळ देऊन बघितलं. चाललं. # ची युक्तीही चालली. मनापासून आभार. आता हाताने टाइप करताना काही मुलं टॅब दाबतात, काही स्पेस. साध्या शेलमध्ये टॅब दाबला की कधी चालतं, कधी "टॅबएरर" येतो. हे का?

पंचगंगा_घाट

3.12 च्या शेलमध्ये कोऱ्या ओळीच्या सुरुवातीला टॅब दाबला की खरोखरचं टॅब अक्षर पडतं, चार स्पेस नाही. टर्मिनल ते आठ रकाने रुंद दाखवतं. त्याच ब्लॉकमध्ये पुढची ओळ कोणी आठ स्पेस देऊन लिहिली तर पडद्यावर दोन्ही ओळी एका रेषेत दिसतात, आणि तरी टॅबएरर.

आतली तपासणी अशी चालते. पायथन 3 प्रत्येक ओळीचा इंडेंट दोनदा मोजतो: एकदा टॅब म्हणजे आठच्या पुढच्या पटीपर्यंतची उडी समजून, एकदा टॅब म्हणजे एकच रकाना समजून. आधीच्या ओळीशी तुलना दोन्ही मोजमापांत सारखीच निघाली पाहिजे. एक टॅब आणि आठ स्पेस पहिल्या मापाने 8 आणि 8, दुसऱ्या मापाने 1 आणि 8. जुळलं नाही, टॅबएरर. म्हणून सगळ्या ओळी टॅबच्या असतील तर चालतं, सगळ्या स्पेसच्या असतील तरी चालतं, आणि एक फंक्शन टॅबचं व दुसरं स्पेसचं असलं तरीही चालतं. एकाच ब्लॉकमध्ये मिसळले की अडतं. पायथन 2 फक्त आठचं माप बघून असं मिश्रण खपवून घ्यायचा, म्हणून तेव्हाच्या फाईली आज उघडल्या की मोडतात.

मुलांना एकच सवय लावा: चार स्पेस. पेप 8 (पायथनची अधिकृत लेखनशैली) हेच सांगतं. 3.10 पासून आयडलचा शेलसुद्धा टॅबऐवजी स्पेसच देतो.

फाईल आधीच बिघडली असेल तर टर्मिनलमध्ये "पायथन3 -एम टॅबनॅनी" आणि पुढे फाईलचं नाव. कुठल्या ओळीवर मिश्रण आहे ते तो सांगतो. डोळ्यांनी बघायचं तर "कॅट -ए" (ए कॅपिटल): टॅबच्या जागी ^आय दिसतो, ओळीच्या शेवटी डॉलर. दुरुस्तीला "एक्सपांड -आय -टी 4", पण निकाल नेहमी दुसऱ्या नावाच्या फाईलमध्ये घ्या. त्याच फाईलवर वळवलात तर वाचायच्या आधीच बॅश ती रिकामी करतं. आणि फाईल पायथन 2 च्या काळातली, टॅब आठचा समजून लिहिलेली असेल तर 4 ऐवजी 8 द्या. तिथे 4 दिलात तर ओळी वेगळ्याच ब्लॉकमध्ये जाऊन बसतील.

व्हीएस कोडमध्ये खाली उजवीकडे "स्पेसेस: 4" किंवा "टॅब साइज" लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक करा. तिथे दोन सारखे वाटणारे पर्याय आहेत. "इंडेंट युझिंग स्पेसेस" फक्त इथून पुढे टाइप होणाऱ्या ओळींना लागू होतो. आधीच्या ओळी बदलायच्या तर "कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस" हाच हवा. बरेच जण पहिला निवडतात आणि एरर गेला नाही म्हणून हैराण होतात.

टेंबलाई_टेकडी

विमचं कोणी सांगितलं नाही म्हणून लिहिते. जिना होतो कारण टर्मिनलमधून आलेलं पेस्ट विमला भराभर टाइप केल्यासारखं वाटतं. ऑटोइंडेंट चालू असेल तर विम प्रत्येक नवीन ओळीला आधीच्या ओळीइतका इंडेंट देतो आणि त्यावर तुमच्या स्वतःच्या स्पेस पडतात. आधी यू दाबून ते सगळं मागे घ्या, हाताने सरळ करत बसू नका. मग :सेट पेस्ट, आय, पेस्ट, एस्केप, आणि लगेच :सेट नोपेस्ट.

ते शेवटचं विसरायचं नाही. पेस्ट मोड चालू असताना विम एक्सपांडटॅबसुद्धा (टॅबऐवजी स्पेस टाकणारी सेटिंग) बंद ठेवतो. म्हणजे नंतर तुम्ही टॅब दाबला की चार स्पेसऐवजी खरा टॅब पडतो, आणि वरच्या उत्तरातला टॅबएरर घरात येतो. विम 8 पासून ब्रॅकेटेड पेस्ट (हे टाइप केलेलं नाही, पेस्ट आहे, अशी टर्मिनलची खूण) आहे, त्यामुळे टर्मिनल साथ देत असेल तर यातलं काहीच लागत नाही.

अजून एक, आणि हे महत्त्वाचं: सीच्या फाईलवर जीजी=जी मारून सगळा इंडेंट नीट करायची सवय असेल तर पायथनच्या फाईलवर ते करू नका. सीमध्ये महिरपी कंस ब्लॉक सांगतात, इंडेंट फक्त सजावट. पायथनमध्ये इंडेंट हाच ब्लॉक आहे, तो चुकीचा असेल तर बरोबर काय होतं हे कुठलाच एडिटर ओळखू शकत नाही. सर, तुमच्याच विषयातलं बघा:

डेफ धोक्याच्या_नोंदी(नोंदी):
····मोजणी = 0
····फॉर नोंद इन नोंदी:
········इफ नोंद >= 43:
············मोजणी += 1
····रिटर्न मोजणी

नोंदी 41.2, 43.6 आणि 44.1 द्या. शेवटचं रिटर्न चार स्पेसवर असेल तर उत्तर 2, बरोबर. तेच आठ स्पेसवर गेलं तर लूपची पहिलीच फेरी होऊन उत्तर 0. बारा स्पेसवर गेलं तर पहिली धोक्याची नोंद सापडताच बाहेर, उत्तर 1. तिन्ही वेळा एकही एरर नाही. कोड टाइप करताना एडिटर कर्सर आपोआप बाराव्या रकान्यावर ठेवतो आणि तिथून दोन पायऱ्या मागे यायचं राहून जातं, म्हणून ही चूक होते. मागे यायला व्हीएस कोडमध्ये शिफ्ट+टॅब, विममध्ये इन्सर्ट मोडमध्येच कंट्रोल+डी, मायक्रोपायथनच्या शेलमध्ये एका बॅकस्पेसला एक पायरी. मुलांकडून हे तिन्ही प्रकार चालवून घ्या, आणि नोंदींमध्ये पहिली नोंद 43 च्या खालचीच ठेवा. पहिलीच 43.6 दिलीत तर आठ आणि बारा स्पेसचं उत्तर सारखंच, 1, येईल आणि फरक दिसणार नाही.

गोकुळ_शिरगाव_फाटा

नोट्स व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर हे वाचा. चॅट, पीडीएफ किंवा वेब पानावरून कॉपी करताना साध्या स्पेसच्या जागी नॉन-ब्रेकिंग स्पेस येऊ शकते. दिसायला हुबेहूब स्पेस, पायथनला मात्र चालत नाही: "इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर यू+00ए0". सगळी फाईल त्याने भरलेली असेल तर एडिटरमध्ये त्यातली एक स्पेस निवडून कॉपी करा, शोधायच्या चौकटीत टाका, बदलायच्या चौकटीत साधी स्पेस द्या आणि एका झटक्यात सगळ्या बदला.

मराठीत व्हेरिएबलची नावं ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक. पायथन 3 ला "पातळी", "नोंद" ही नावं खुशाल चालतात. पण काही कीबोर्ड "वाऱ्याचा" मधला अर्धा र लिहिताना मध्ये झिरो-विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) घालतात. स्ट्रिंगमध्ये तो असला तर काही बिघडत नाही. नावात असला तर तोच एरर, फक्त कोड यू+200डी. अशा नावात जोडाक्षर टाळा, "वारा_वेग" लिहा.

नोट्स पाठवायच्याच तर .पीवाय फाईल जोडून पाठवा, मेसेजमध्ये मजकूर नको. मुलांनी "पायथन3 -आय" आणि फाईलचं नाव दिलं की कोड पूर्ण चालतो आणि पुढे >>> समोर येतो. टप्पा() तिथे तयार असतं, पेस्टचा प्रश्नच येत नाही.

राजारामपुरी_7वी_गल्ली

-आय चा मार्ग सगळ्यात सोयीचा वाटतोय, लॅबमध्ये तोच ठेवतो. एकच शंका: व्हीएस कोडमध्ये ओळी निवडून शिफ्ट+एंटर केलं तर मोकळी ओळ असूनही फंक्शन शेलमध्ये नीट जातं. पायथन तर तोच 3.12 आहे.

पंचगंगा_घाट

शेल तोच, पण तुमचा मजकूर त्याच्यापर्यंत जशाच्या तसा जात नाही. व्हीएस कोडचं पायथन एक्स्टेन्शन निवडलेला भाग आधी आवरून घेतं: आतल्या मोकळ्या ओळी काढतं, सगळ्या ओळी सारख्याच आत सरकलेल्या असतील तर तेवढा इंडेंट कापतं, आणि ब्लॉकनंतर लागणारी मोकळी ओळ स्वतः घालतं. शिफ्ट+एंटरने चालणारा तुकडा हाताने कॉपी करून त्याच टर्मिनलमध्ये पेस्ट करून बघा, पहिल्या पोस्टमधलेच एरर परत येतील.